नागपुरात तुटलं, नागपुरात जुळलं

स्मरणिकेसाठी लेख पाठव, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी शाळेच्या आठवणीच लिहिणार होते. मधल्या सुट्टीतले डबे, प्रयोगशाळेतला वास, पावसात गळणारा तो मागचा वर्ग. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा सहावीच्या वर्षापाशी येऊन अडकले. त्या वर्षाबद्दल लिहायचं तर आधी नारायण मल्हार जोशी यांच्याबद्दल लिहावं लागेल. ते आपल्या शाळेचे नाहीत, नागपूरचेही नाहीत. तरी वाचा, आपल्या गावाचा संबंध पुढे येतो.

इंजिनीअर झाल्यावर मला पहिली नोकरी मुंबईत मिळाली. लोअर परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात आमचं काचेचं ऑफिस होतं. चिमणी तेवढी उभी ठेवली होती. ऑफिसच्या पत्त्यात ना. म. जोशी मार्ग असं लिहिलेलं असे. जुनी माणसं त्याला डिलाईल रोडच म्हणत. दोन वर्षं मी तो पत्ता फॉर्मवर लिहीत होते आणि हे जोशी कोण, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. कोणी नगरसेवक असतील असं वाटायचं. मी गिरणी कामगाराची मुलगी, म्हणून त्याची आजही लाज वाटते.

जोशींचा जन्म ५ जून १८७९ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलं माणगावजवळचं गोरेगाव. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि डेक्कन कॉलेजात शिकून १९०१ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढची जवळजवळ आठ वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. आपल्या सरांना आणि बाईंना हे मुद्दाम सांगते: देशातल्या कामगार चळवळीचा पाया घालणारा माणूस आधी शाळामास्तर होता. त्यांचं पुढचं काम पाहिलं की मास्तरकी सुटली असं वाटतच नाही. हिशेब चोख, नियमावर बोट, आरडाओरड नाही, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्याला समजल्याशिवाय पुढे जायचं नाही.

१९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि १९११ मध्ये मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने, सहकारी पतपेढ्या असं काम गिरणगावात सुरू झालं. चाळीच्या एका खोलीत दहा-दहा माणसं पाळीपाळीने झोपत, त्या काळातली ही गोष्ट. संपाची भाषा या कामात कुठेच नव्हती. पण सावकाराच्या कर्जातून माणूस सोडवायचा म्हटलं की प्रश्न पगारापाशी येतो, आणि पगारापाशी आला की मालकापाशी.

१९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली, तिथे हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले. १९२२ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली, ती या परिषदेतल्या ठरावाला धरून. ६० तास हा विजय होता, यावरून आधी काय असेल ते समजा. १९२० मध्ये मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. तिच्या उभारणीत जोशी होते आणि १९२५ पासून सरचिटणीसही तेच. १९२१ पासून १९४७ पर्यंत ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त सदस्य होते. मद्रासच्या एका गिरणीने संपाबद्दल युनियनच्या पुढाऱ्यांनाच कोर्टात खेचलं होतं. युनियनला कायद्याचं संरक्षण हवं, हा ठराव जोशींनी १९२१ मध्ये मांडला. कायदा व्हायला १९२६ उजाडलं. बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक त्यांनी १९२४ मध्ये आणलं, ते तर फेटाळलंच गेलं. नंतर ते काम प्रांतांनी केलं. मुंबईने १९२९ मध्ये, आणि आपलं नागपूर ज्याची राजधानी होतं त्या मध्य प्रांताने १९३० मध्ये.

जहाजांवरच्या खलाशांची युनियनही त्यांच्याकडे होती. मुंबई बंदरात खलाशाला बोटीवर काम मिळायचं तर दलालाचा हात ओला करावा लागे, आणि तो पैसा सावकाराकडून येई. बंदर असो की गिरणी, दारात उभा असलेला मुकादम तोच होता.

आता संपाकडे येते. १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि सप्टेंबरमध्ये गिरण्या बंद पडल्या. जोशींनी मदत समिती उभी केली. परदेशातल्या कामगार संघटनांकडूनही पैसे आले. पण संप टिकला तो मुख्यतः दोन गोष्टींवर: गावाकडची शेती आणि नाक्यावरच्या वाण्याची वही. ज्यांचं कोकणात किंवा घाटावर घर होतं ते निघून गेले. जे राहिले त्यांना चाळीतल्या दुकानदाराने उधार दिलं. त्यात धर्मादाय काही नव्हतं. गिऱ्हाईक उपाशी मेलं तर मागची उधारीही बुडणार, हे त्याला कळत होतं. डिसेंबरमध्ये कपात मागे घेतली गेली. त्या मदत समितीच्या कामातूनच जानेवारी १९२६ मध्ये बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन झाली. तिचे अध्यक्ष जोशी.

१९२८ चा संप याहून फार मोठा. एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवायचे, म्हणजे कमी माणसांत तेवढंच कापड. (आमच्या क्षेत्रात याला वेगळी गोड नावं आहेत आणि त्याची सादरीकरणं मीही केली आहेत.) सार्वत्रिक संपाची ही वेळ नव्हे, असं जोशींचं मत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. पण एप्रिलअखेर सगळ्या गिरण्या बंद झाल्या, दीड लाख माणूस रस्त्यावर आला, तेव्हा मी आधीच सांगितलं होतं असं म्हणत ते बाजूला बसले नाहीत. डांगे आणि इतर कम्युनिस्टांबरोबर ते संयुक्त संप समितीत गेले. ज्यांच्याशी एका मुद्द्यावर पटत नव्हतं त्यांच्याशेजारी बसून त्यांनी महिनोन्‌महिने मागण्यांचे तक्ते, दर आणि धान्यवाटप यांवर काम केलं. याच संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी एक प्रश्न लावून धरला. जास्त पगाराच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना घेतच नसत, कारण तिथे धाग्याला तोंड लावावं लागे. मालकाविरुद्ध एक झालेले लोक आपसात किती एक होते, हा प्रश्न त्यामुळे सगळ्यांसमोर आला. सहा महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, चौकशी समिती नेमण्याच्या अटीवर संप मिटला. दोन कोटींहून जास्त कामाचे दिवस बुडाले होते.

आणि मग नागपूर. नोव्हेंबर १९२९ च्या अखेरीस आयटकचं अधिवेशन आपल्या गावात भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनवर बहिष्कार घालायचा का, आणि परदेशातल्या डाव्या संघटनांशी जोडून घ्यायचं का, यावर कडाक्याचं भांडण झालं. जोशी स्वतः त्या कमिशनचे सदस्य होते. गिरणी कामगार युनियनने सांगितलेल्या सभासदसंख्येवरूनही वाद होता, कारण तिच्यावर मतं ठरत होती. बहुमत जोशींच्या विरुद्ध गेलं. सरचिटणीस असलेला हा पन्नाशीचा माणूस, ज्याने नऊ वर्षं ती संघटना सांभाळली, आपल्या लोकांना घेऊन बाहेर पडला. पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी त्यांच्याबरोबर होते. नागपुरातच त्यांनी वेगळं फेडरेशन काढलं.

कोण बरोबर होतं? मी बरंच वाचलं, आणि मला वाटतं कमिशनबद्दल जोशींचं बरोबर होतं, बाहेर पडण्याबद्दल नव्हतं. मंदीची वर्षं तोंडावर होती. गिरण्यांमध्ये पगार कापले जात होते आणि कामगारांच्या संघटना दोनाच्या तीन झाल्या होत्या.

इथे मला सहावी आठवते. माझे बाबा शहरातल्या एका गिरणीत होते. त्या वर्षी संप झाला आणि चिघळला. भोंगा बंद झाल्यावर आई सकाळी घड्याळ बघायला लागली, एवढं पहिल्या दिवशीचं आठवतं. किराणावाल्या काकांनी आमची वही बंद केली नाही. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी असलेल्या घरांतून बायका दर शनिवारी ताटभर धान्य गोळा करायच्या. आपल्या एका बाईंनी माझी परीक्षा फी भरली, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्या मला वर्गात एरवीसारख्याच रागवायच्या. ते फार बरं वाटायचं.

पण मोहल्ल्याने दुसरंही काही केलं. माझ्या शेजारी बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचे वडील मागच्या फाटकाने कामावर जायला लागले. त्यांच्या घराशी सगळ्यांनी बोलणं टाकलं. नळावर तिच्या आईची बादली कोणी पुढे सरकवेना. त्यात माझी आईही होती. आणि मी एका सकाळी दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. मला कोणी सांगितलं नव्हतं. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो, बोललो नाही. संप चार महिन्यांनी फारसं काही न मिळता संपला. पुढे गिरणी बंद झाली तेव्हा दोघींचेही वडील एकाच दिवशी घरी बसले.

जोशींचं तुटलेलं जुळायला साडेआठ वर्षं लागली. एप्रिल १९३८ मध्ये आयटकचं अधिवेशन पुन्हा नागपुरात झालं आणि तिथे जोशी-गिरींचा गट एका वर्षाच्या मुदतीवर परत जोडला गेला. ही गळाभेट नव्हती. कागदावर अटी होत्या: दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी सारखे, संप किंवा राजकीय प्रश्नावर निर्णय तीन-चतुर्थांश मतांनीच, परदेशी संघटनेशी जोडणी नाही. मुदत घालून, नियम लिहून, एकमेकांना तपासत ते परत आले. मला हे जास्त खरं वाटतं. १९४० मध्ये पूर्ण विलीनीकरण झालं आणि सरचिटणीस पुन्हा जोशीच झाले, १९४८ पर्यंत. ज्यांनी त्यांना नागपुरात मतांनी हरवलं होतं, त्यांच्यातले कित्येक आता त्यांच्याच हाताखाली काम करत होते. ३० मे १९५५ रोजी ते गेले.

हा लेख मंडळाकडे देण्याआधी मी त्या मैत्रिणीला पाठवला. तिचा नंबर संमेलनाच्या यादीतून मिळाला. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग तिने एकच दुरुस्ती कळवली. तिचे वडील संपाच्या सुरुवातीपासून कामावर जात नव्हते. सात आठवडे तेही बाबांबरोबर फाटकासमोर बसत होते. धाकट्या भावाला दवाखान्यात ठेवावं लागलं, त्यानंतर ते गेले. हे मला माहीत नव्हतं. आईला फोन करून विचारलं, तिला माहीत होतं.

मैत्रीण पुण्याहून येते आहे, गाडी पहाटे पोहोचते. मी तिला घ्यायला स्टेशनवर जाणार आहे.