संत जोसेफ वाझ : अनिश्चित काळांतील निश्चल श्रद्धा

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं पूर्वजांचें कृतज्ञ स्मरण करणें जसें योग्य, तसेंच पुढील वाट उजळणाऱ्या संतांचें चरित्र चिंतणेंहि उचित होय. या हेतूनें आम्ही लंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ यांचें अल्प चरित्र भाविकजनांपुढें ठेवीत आहों. उद्यांचा भरंवसा नसतां ख्रिस्ती माणसानें कसें जगावें, हें त्यांच्यापासून शिकण्यासारखें आहे.

त्यांचा जन्म ता. २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्यांतील बाणावली या आजोळच्या गांवीं झाला. पित्याचें गांव सांकवाळ. इ.स. १६७६ मध्यें ते धर्मगुरु झाले, व पुढच्याच वर्षीं त्यांनीं पवित्र मरियेचा दास म्हणून स्वतःस लेखी वाहून घेतलें. इ.स. १६८१ पासून सुमारें तीन वर्षें कानडा प्रांतांत सेवा करून ते परतले, आणि १६८५ सालीं जुन्या गोव्यांत एकत्र राहणाऱ्या देशी धर्मगुरूंच्या ओरेटरी संघांत सामील झाले.

परंतु त्यांचें चित्त लंकेकडे लागलें होतें. इ.स. १६५८ मध्यें डचांनीं जाफना घेतल्यावर तेथें कॅथलिक उपासनेस बंदी झाली. धर्मगुरु हद्दपार झाले; त्यांस आसरा देणें हा घोर अपराध ठरला. सुमारें तीस वर्षें जाफन्याच्या भाविकांस ना मिस्साबलि लाभला, ना पापनिवेदन. मरणाऱ्याच्या उशाशीं बसावयास कोणी धर्मगुरु नव्हता. एवढ्या काळांत तेथें श्रद्धा उरली असेल काय, हेंहि निश्चित नव्हतें.

इ.स. १६८६ मध्यें जॉन नांवाच्या एकनिष्ठ सेवकास बरोबर घेऊन वाझ निघाले. पायीं तुतिकोरीन गांठून १६८७ मध्यें ते दरिद्री मजुराच्या वेषानें जाफन्यास उतरले. तेथें त्यांस अतिसारानें गांठलें, आणि कित्येक दिवस ते परक्यांनीं दिलेल्या पेजेवर जगले. बरें वाटतांच गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागूं लागले. ती माळ पाहून कोणाचे डोळे पाणावतात, कोणाची मुद्रा पालटते, हें ते बारकाईनें पाहत. आणि अशा रीतीनें लपून राहिलेला कळप त्यांस सांपडला. रात्रीं बंद दारांआड मिस्साबलि होऊं लागला.

इ.स. १६९२ मध्यें ते कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलुखांत शिरले. पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांस कैद करण्यांत आलें. त्या कैदेंतच त्यांनीं सिंहली भाषा आत्मसात केली आणि एक झोंपडीवजा ख्रिस्तमंदिर उभारलें. हळूहळू राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचा ग्रह पालटला व त्यांस मोकळीक मिळाली. इ.स. १६९७ मध्यें कँडींत देवीची भयंकर सांथ आली. लोक आपल्याच आजारी माणसांना रानांत टाकून पळत होते. वाझ व त्यांचे नात्यांतील फादर जोसेफ कार्व्हालो मात्र तेथेंच राहिले. धर्म न पाहतां त्यांनीं रोग्यांस अन्नपाणी दिलें, जखमा धुतल्या व मृतांस माती दिली. इ.स. २०२० ची महामारी अनुभवलेल्या आम्हांस या सेवेचें मोल निराळें सांगावयास नको.

पुढें गोव्याहून आणखी धर्मगुरु आले. इ.स. १७०५ मध्यें आलेले फादर जाकोम गोन्साल्वीस यांनीं तर सिंहली व तमिळ भाषांत ग्रंथरचना केली. ता. १६ जानेवारी १७११ रोजीं, वयाच्या ६० व्या वर्षीं, वाझ यांनीं कँडी येथें देह ठेवला. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं ता. १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें त्यांस संत म्हणून घोषित केलें.

भाविकजनहो, वाझ यांनीं काळ निवळण्याची वाट पाहिली नाहीं. आज कोणाच्या दारीं जावयाचें, एवढेंच त्यांनीं विचारलें. आणि ज्या घरांनीं तीस वर्षें धर्मगुरूवांचून श्रद्धा जपली, त्या घरांचें पुण्यहि कमी नव्हे. त्यांनीं ती जपली नसती, तर ती माळ ओळखणार कोण? आज आमच्या मुलांच्या नोकऱ्या अस्थिर आहेत, कुटुंबें दूरदूर विखुरलीं आहेत, आणि सायंकाळची प्रार्थना कित्येक घरांतून मावळत आहे. गळ्यांत जपमाळ घातलेला असा एखादा भिकारी उद्यां आमच्या उंबरठ्याशीं आला, तर आमचीं लेंकरें ती माळ ओळखतील, अशीं घरें आम्ही राखूं या. महोत्सवाचा हाच खरा नवस होय.