वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर – ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे भारतीय उद्योजक होते. बांधकाम, जहाजवाहतूक, जहाजबांधणी, विमाननिर्मिती, मोटारनिर्मिती आणि साखर या क्षेत्रांत त्यांनी मोठे उद्योग उभारले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचे ते एक संस्थापक होते. या कंपनीच्या ‘लॉयल्टी’ या प्रवासी जहाजाने ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे प्रस्थान ठेवले. त्या घटनेच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

== बालपण आणि शिक्षण ==

वालचंदांचा जन्म सोलापुरात स्थायिक झालेल्या गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. सावकारी व कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय होता. वडिलांचे नाव हिराचंद, तर आईचे राजू. जन्मानंतर थोड्याच काळात त्यांची आई वारली. सोलापुरातील शालेय शिक्षणानंतर मुंबईचे सेंट झेवियर महाविद्यालय आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे त्यांनी शिक्षण घेतले. परंतु पदवी पूर्ण न करताच ते घरच्या व्यवसायात उतरले. पेढीच्या कामात त्यांचे मन रमले नाही.

== रेल्वेची ठेकेदारी ==

रेल्वेत पूर्वी कारकून असलेले लक्ष्मण बळवंत फाटक यांच्या भागीदारीत वालचंदांनी रेल्वेची कामे घेण्यास सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गाचे काम हे या भागीदारीचे आरंभीचे काम होय. भांडवल वालचंदांचे आणि कामाची माहिती फाटकांची, अशी ही जोडी होती. पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीची सूत्रे वालचंदांकडे आली. १९२० च्या दशकात बोरघाटातील रेल्वे बोगद्यांचे काम त्यांच्या व्यवस्थापनाखाली झाले. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, कर्जत या मार्गाने पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या याच घाटातून वर चढतात. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली.

== लॉयल्टी जहाजाची खरेदी ==

१९१९ च्या आरंभी दिल्लीहून मुंबईला परतताना रेल्वेच्या डब्यात एका इंग्रज सहप्रवाशाकडून वालचंदांना कळले, की ग्वाल्हेरच्या महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस आहे. महायुद्ध नुकतेच संपले होते. जहाजांची टंचाई होती आणि युरोपला जाऊ इच्छिणाऱ्यांना जागा मिळत नव्हती. नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्या साहाय्याने वालचंदांनी ते जहाज विकत घेतले. २७ मार्च १९१९ रोजी कंपनीची नोंदणी झाली. ग्वाल्हेरच्या राजघराण्यावरून कंपनीस ‘सिंदिया’ हे नाव देण्यात आले.

या जहाजाचा पूर्वेतिहास सागरी पर्यटनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. ते मूळचे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडमधील बॅरो येथे बांधलेल्या, सुमारे ५,९०० टनांच्या या जहाजाला तीन डोलकाठ्या व दोन धुराडी होती आणि त्याचा रंग पांढरा होता. हाँगकाँग, जपान व व्हँकूव्हर यांच्या दरम्यान टपाल व प्रवासी नेण्यासाठी ते बांधले होते. फेब्रुवारी १८९१ मध्ये लिव्हरपूलहून पूर्वेकडे जाताना कंपनीने या पहिल्याच फेरीची तिकिटे जगप्रदक्षिणेची सहल म्हणून विकली. सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आणि पॅसिफिक महासागर ओलांडून कॅनडात, तेथून रेल्वेने अटलांटिक किनाऱ्यावर व पुन्हा जहाजाने इंग्लंडला, असा तो कार्यक्रम होता. त्याच वर्षी जानेवारीत जर्मन जहाज व्यावसायिक आल्बर्ट बालिन यांनी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीस पाठविले होते. आधुनिक क्रूझ पर्यटनाचा आरंभ अनेकदा त्या सहलीपासून मानला जातो. १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या महाराजांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ विकत घेऊन युद्धकाळात त्याचे रुग्णालय-जहाज केले आणि त्यास ‘लॉयल्टी’ हे नाव दिले.

५ एप्रिल १९१९ च्या पहिल्या फेरीत वालचंद स्वतः जहाजावर होते. भारतीय मालकीचे मोठे प्रवासी जहाज मुंबईहून लंडनला निघाले, याचे त्या काळी मोठे अप्रूप वाटले.

== जहाजाच्या प्रकाराचा प्रश्न ==

लॉयल्टी दिसण्यास देखणे होते, तरी कंपनीच्या कामास ते योग्य नव्हते. त्याची बांधणी जलद टपाल-जहाजाची होती. अशा जहाजात यंत्रे, कोळसा आणि प्रवाशांच्या खोल्या यांनीच बरीच जागा व्यापलेली असते. मालासाठी तुलनेने कमी जागा उरते. वेग अधिक असल्याने कोळसा अधिक लागतो, आणि खानपान व सेवेसाठी खलाशांखेरीज मोठा नोकरवर्ग ठेवावा लागतो. हा खर्च भरून निघण्यास सरकारी टपालाचे कंत्राट आणि दोन्ही दिशांना पुरेसे प्रवासी मिळणे आवश्यक असते. टपालाचे कंत्राट पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीकडे होते. शिवाय जहाज अठ्ठावीस वर्षांचे जुने होते. १९२१ मध्ये ते उभे करून ठेवण्यात आले आणि १९२३ मध्ये मुंबईत मोडीत काढण्यात आले.

जहाज स्वस्त किंवा सुंदर आहे, एवढ्यावर त्याची निवड करता येत नाही, हे या अनुभवातून स्पष्ट झाले. प्रवास किती दिवसांचा, समुद्र उघडा की किनाऱ्यालगतचा, बंदरात धक्का आहे की नाही, प्रवासी एकटे की मुले व वृद्धांसह आणि परतीच्या फेरीत काय मिळणार, या गोष्टी आधी पाहाव्या लागतात. यानंतर सिंदियाने प्रवासी वाहतुकीचा मोह तूर्त सोडला आणि मालवाहू जहाजे घेऊन भारत व ब्रह्मदेश यांच्या किनारी व्यापारावर लक्ष केंद्रित केले. मालवाहू जहाज संथ असते, परंतु त्याला कोळसा व माणसे कमी लागतात आणि तांदूळ, कोळसा, लाकूड असा माल सातत्याने मिळतो. कंपनी तगली ती या निर्णयामुळे.

== ब्रिटिश कंपन्यांशी संघर्ष ==

भारतीय किनाऱ्यावर ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचे वर्चस्व होते. नवा प्रतिस्पर्धी आला की दर पाडणे, तसेच केवळ आपल्याच जहाजांनी माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांना दराचा काही भाग उशिराने परत देणे, या दोन मार्गांनी परकीय कंपन्या भारतीयांना बाहेर काढीत. जमशेटजी टाटांची जहाजसेवा आणि चिदंबरम पिळ्ळै यांची तुतिकोरिन–कोलंबो मार्गावरील स्वदेशी कंपनी या दोन्ही उपक्रमांचा अशा स्पर्धेत टिकाव लागला नव्हता. सिंदियावरही तीच वेळ आली. लॉर्ड इंचकेप यांनी कंपनी विकत घेण्याची तयारी दर्शविली. ती संचालकांनी नाकारली.

१९२३ मध्ये दोन्ही कंपन्यांत दहा वर्षांचा करार झाला. त्यानुसार सिंदियाचा ताफा ७५,००० टनांपुरता मर्यादित राहिला आणि तिचे कार्यक्षेत्र किनारी व्यापारापुरते ठरले. या अटी वालचंदांना जाचक वाटत होत्या. तथापि दरयुद्धात बुडण्यापेक्षा मर्यादेत राहून जगणे कंपनीस हिताचे ठरले. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी त्यांनी सातत्याने लावून धरली. या उद्देशाने साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयकही मांडले होते; ते संमत झाले नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र हे धोरण स्वीकारण्यात आले.

== प्रवासी वाहतुकीकडे पुनरागमन ==

१९३७ मध्ये सिंदियाने हज यात्रेकरूंसाठी ‘अल मदिना’ हे नवे जहाज आणले. यात्रेकरूंची गरज टपाल-जहाजातील प्रवाशांपेक्षा वेगळी होती. यात्रा ठरावीक काळातच होई, घरची वडीलधारी मंडळी सोबत असत, सामान पुष्कळ असे आणि बहुतेकांना मोजक्या भाड्यात डेकवरची जागा हवी असे. त्यामुळे मोठ्या खोल्यांपेक्षा भरपूर हवा, पाणी आणि स्वच्छता यांना अधिक महत्त्व होते. या मार्गावर जम बसलेल्या मोगल लाइनशी स्पर्धा होऊन भाडी मोठ्या प्रमाणावर उतरली. ‘अल मदिना’ दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या वाहतुकीस लागले आणि मार्च १९४४ मध्ये बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. त्यात मोठी प्राणहानी झाली.

मराठी माणसाचा बोटीच्या प्रवासाशी खरा परिचय झाला तो कोकणच्या आगबोटींमुळे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या बोटी जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांना लागत. गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी या काळात चाकरमानी बायकामुलांसह बोटीने गावी जात. अनेक बंदरांत मोठी बोट धक्क्याला लागत नसे. प्रवाशांना खपाटे किंवा पडाव यांत उतरून किनारा गाठावा लागे. पावसाळ्यात सेवा बंद असे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. बोटीची क्षमता, ऋतू आणि सुरक्षेची साधने या बाबी प्रवाशांच्या जिवाशी निगडित आहेत, याची जाणीव या दुर्घटनेने महाराष्ट्राला करून दिली.

कोकण किनाऱ्यावर सेवा देणारी बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनी पुढे सिंदियात विलीन झाली. वालचंदांच्या निधनाच्या वर्षीच, १९५३ मध्ये, या प्रवासी व फेरी सेवांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. स्वातंत्र्यानंतर ‘जल आझाद’ व ‘जल जवाहर’ या जहाजांद्वारे सिंदियाने भारत व इंग्लंड यांच्या दरम्यानही प्रवासी सेवा चालविली.

== जहाजबांधणी ==

परदेशी जहाजे विकत घेण्याऐवजी हवी तशी जहाजे देशातच बांधावीत, हा वालचंदांचा आग्रह होता. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. युद्धामुळे कामात अनेक अडथळे आले. १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ‘जल उषा’ या जहाजाचे जलावतरण झाले. स्वतंत्र भारतात बांधून पूर्ण झालेले हे पहिले मोठे आधुनिक जहाज होय. ते मालवाहू जहाज होते, हे लक्षणीय आहे. १९५२ मध्ये हा कारखाना हिंदुस्थान शिपयार्ड या कंपनीकडे गेला आणि त्यात केंद्र सरकारचा प्रमुख वाटा आला.

== अन्य उद्योग ==

१९३९ मध्ये विमानप्रवासात अमेरिकन व्यावसायिक विल्यम पॉली यांच्याशी झालेल्या भेटीतून विमाननिर्मितीची योजना पुढे आली. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४२ मध्ये ती सरकारने आपल्याकडे घेतली. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे मोटारींचे उत्पादन केले. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातील कळंब येथे त्यांनी शेती व साखर उद्योग उभारला. कळंबजवळील वसाहत आज वालचंदनगर या नावाने ओळखली जाते.

== अखेरची वर्षे ==

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी सिंदियाचे अध्यक्षपद सोडले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या मागे अपत्य नव्हते. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. गुलाबचंद, रतनचंद व लालचंद या बंधूंनी आणि पुढील पिढीने उद्योगसमूहाची जबाबदारी सांभाळली.

== वारसा ==

सांगली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयास वालचंदांचे नाव देण्यात आले आहे. सोलापुरातही त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था आहे. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मुंबई–कोकण–गोवा मार्गावरील नियमित प्रवासी बोटी पुढे बंद पडल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटन जहाज सुरू झाले. ते पूर्वी जपानमध्ये बेटांवर जाणारी प्रवासी बोट होते. २०२१ मध्ये मुंबईहून सुरू झालेल्या कॉर्डेलिया क्रूझचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मात्र मुळातच सहलींसाठी बांधलेले आहे. पहिल्या प्रकारात एका रात्रीचा प्रवास व मुक्कामाचे ठिकाण महत्त्वाचे असते, तर दुसऱ्या प्रकारात जहाजच मुक्कामाचे ठिकाण असते. मुलाबाळांसह सुट्टीवर निघणाऱ्या कुटुंबांना आज ज्या फरकाचा विचार करावा लागतो, तोच फरक १९१९ मध्ये लॉयल्टीच्या खरेदीनंतर वालचंदांच्या कंपनीस मोठी किंमत देऊन समजला होता.