पालवणकर बाळू

क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली आपल्या शेजारच्या धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखता राखता ते साहेबांना सरावासाठी चेंडू टाकू लागले. त्यांची डावखुरी फिरकी पाहून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. गोऱ्यांना हरवायचे होते ना! मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सारेच झेलत; चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. समोर परका उभा असेतो 'आपण' या शब्दात बाळूंना जागा होती, डाव संपला की ती जाई.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना नमवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी मिळवले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. १९२० साली या अन्यायाच्या निषेधार्थ विठ्ठल व शिवराम हे धाकटे बंधू संघाबाहेर राहिले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला.

राजकारणातही बाळूंपुढे तोच पेच उभा राहिला. ज्यांनी बाहेर बसवले त्यांच्यातच राहून झगडायचे, की आपली वेगळी फळी उभारायची? १९३२ साली त्यांनी स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला. १९३७ मध्ये काँग्रेसतर्फे ते खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व सुमारे दोन हजार मतांनी हरले. एवढ्यावरून त्यांना विसरून जाणे मला तरी पटत नाही. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.