आवर्तनाचे गणित मांडणारी एडा लव्हलेस

लंडनमध्ये 10 डिसेंबर 1815 रोजी एडाचा जन्म झाला आणि जेमतेम पाच आठवड्यांत तिची आई तिला घेऊन माहेरी निघून गेली. वडील होते इंग्रजी काव्यातील गाजलेले आणि तितकेच वादग्रस्त नाव, लॉर्ड बायरन. एप्रिल 1816 मध्ये त्याने इंग्लंड सोडले ते कायमचे. 1824 साली ग्रीसमध्ये तो वारला तेव्हा एडा आठ वर्षांची होती. वडिलांची तिला आठवण असणे शक्यच नव्हते.

आई ॲनाबेला स्वतः गणिताची जाणकार होती. बायरनचा चंचल, भावनावश स्वभाव मुलीत उतरू नये, या धास्तीने तिने एडाला लहानपणापासून गणिताच्या अभ्यासाला जुंपले. शिस्त कडक होती, मायेचा हात क्वचितच फिरे. तरीही मुलीची कल्पनाशक्ती दबली नाही. बाराव्या वर्षी तिने उडण्याचा ध्यास घेतला, पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास केला आणि वाफेवर उडणाऱ्या घोड्याची कल्पनाही रंगवली. पुढे 1829 मध्ये गोवराने तिला अंथरुणाला खिळवले. दीर्घकाळ तिला चालता येईना. नंतर ती कुबड्यांच्या आधाराने हिंडू लागली. गणित मात्र सुटले नाही.

जून 1833 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिची चार्ल्स बॅबेजशी ओळख झाली. बॅबेजने गणिती कोष्टके आपोआप तयार करणाऱ्या यंत्राचा एक छोटा भाग जुळवून आपल्या दिवाणखान्यात ठेवला होता. पाहुणे तो भाग कौतुकाने पाहत. एडा त्याची रचना समजून घेऊ लागली. 1835 मध्ये विल्यम किंग याच्याशी तिचा विवाह झाला. तीन वर्षांनी पतीला अर्ल ऑफ लव्हलेस ही पदवी मिळाली आणि एडा लव्हलेस हे नाव रूढ झाले. तीन मुले झाली. घर सांभाळून 1840 पासून ती गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन याच्याकडे पत्रद्वारे कलनशास्त्र शिकू लागली.

एव्हाना बॅबेजचे मन दुसऱ्याच यंत्रात गुंतले होते. त्याचे नाव ॲनालिटिकल इंजिन. सांगू ते गणित करील असे यंत्र त्याला हवे होते, आणि सांगण्याचे साधन त्याने विणकराकडून घेतले. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्डाच्या साहाय्याने विणली जाते, त्याचा मूळ माग फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्ड याने 1804 च्या सुमारास सिद्ध केला. छिद्रे पाडलेली कार्डे ओळीने मागातून सरकतात आणि कोणता धागा वर उचलायचा ते छिद्रांवरून ठरते. बॅबेजच्या यंत्राला गणिती क्रियांचे आदेश अशाच कार्डांवरून मिळणार होते. जकार्डाचा माग फुलापानांची नक्षी विणतो, तसे हे यंत्र बीजगणिताच्या आकृती विणील, ही उपमा एडाचीच.

फरक एवढाच की मागावर कार्डे एकामागून एक पुढेच सरकतात. गणितात तोच क्रियांचा समूह शंभर वेळा करायचा असेल, तर त्याच कार्डांच्या शंभर प्रती का पाडाव्यात? बॅबेजच्या योजनेत कार्डांची साखळी मागे नेण्याची सोय होती. त्यामुळे एकच गट हवा तितक्या वेळा वापरता येणार होता. या सोयीचे मोल एडाने अचूक ओळखले आणि तिने अशा पुनरावृत्त समूहांचा स्वतंत्र विचार मांडला. इतकेच नव्हे, तर आवर्तनाच्या पोटात दुसरे आवर्तन असू शकते हेही तिने दाखवले.

हा विचार किती साधा आणि किती सामर्थ्यशाली आहे, ते शाळकरी मुलांना पडद्यावरचे कासव आज शिकवते. 1967 साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. तिच्यातले हे कासव थोड्याच वर्षांत आले. शंभर पावले पुढे जा, 90 अंशांत उजवीकडे वळ, असे कासवाला चार वेळा सांगितले की चौकोन पूर्ण होतो. आठ ओळी लिहिण्याऐवजी दोनच ओळी आणि चार हा आकडा पुरतो. आता हा अख्खा चौकोन काढून दहा अंश वळायचे, असे 36 वेळा सांगितले की कासव पूर्ण फेरी मारते आणि पडद्यावर रांगोळीसारखे फूल उमलते. चाराचे आवर्तन छत्तिसाच्या आवर्तनात बसले. तबल्याच्या ठेक्याची आवर्तने कानात असलेल्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. एडाच्या हाती मात्र पडदा नव्हता, कासव नव्हते, यंत्रसुद्धा नव्हते. होते ते केवळ कागदावर.

तिचे हे लेखन योगायोगाने घडले. बॅबेजने 1840 मध्ये तुरीन येथे यंत्राविषयी व्याख्याने दिली. त्यांच्या आधारे लुइजी मेनाब्रेआ या अभियंत्याने, जो पुढे इटलीचा पंतप्रधान झाला, 1842 मध्ये फ्रेंचमध्ये लेख लिहिला. एडाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि बॅबेजच्या सूचनेवरून स्वतःची टिपणे जोडली. 1843 मध्ये ते सारे छापून आले तेव्हा टिपणे मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट झाली होती. लेखिकेच्या नावाऐवजी होती फक्त तीन आद्याक्षरे.

शेवटच्या टिपणात बर्नोली संख्या काढण्यासाठी यंत्राने करायच्या 25 क्रियांचे कोष्टक आहे. त्यातील तेरावी ते तेविसावी ही क्रियांची रांग पुन्हा पुन्हा करायची, असे तिने त्यात नोंदवले आहे. कोष्टकात चौथ्या क्रियेपाशी भाजक आणि भाज्य यांची उलटापालट झाली आहे. चूक छपाईची असो वा लेखणीची, संगणकाच्या आज्ञावलीतली ती बहुधा पहिली चूक ठरेल. श्रेयाचा वादही जुना आहे. बर्नोली संख्यांचे बीजगणित आपण करून दिले आणि त्यातली एक गंभीर चूक एडाने पकडली, असे बॅबेजने नंतर आत्मचरित्रात नमूद केले. त्यामुळे पहिली प्रोग्रॅमर हा किताब काही अभ्यासक तिला देत नाहीत. परंतु आकड्यांपलीकडे, संगीताच्या सुरांसारख्या गोष्टींवरही असे यंत्र काम करू शकेल, ही दृष्टी तिच्या टिपणांतच दिसते. बॅबेज आकड्यांतच रमला होता.

त्याच वर्षी दोघांत खटका उडाला. पहिल्या यंत्रावर सरकारचे सुमारे 17,000 पौंड खर्च होऊन 1842 मध्ये मदत थांबली होती. त्याबद्दलची तक्रार बॅबेजला या लेखासोबत निनावी छापायची होती. एडाने ती जोडू दिली नाही. यंत्राचा व्यवहार आपल्या हाती सोपवण्याचा तिचा प्रस्ताव त्याने नाकारला. मैत्री टिकली, यंत्र मात्र कधीच उभे राहिले नाही.

उत्तरायुष्य क्लेशाचे गेले. घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांत ती मोठ्या कर्जात बुडाली आणि घराण्याचे हिरे तिला गहाण ठेवावे लागले. गर्भाशयाच्या कर्करोगाने ती महिनोन्महिने तळमळली. 27 नोव्हेंबर 1852 रोजी तिचे निधन झाले. वय 36, वडिलांच्या निधनसमयी होते तेवढेच. नॉटिंगहॅमशायरमधील हकनॉलच्या चर्चमध्ये, तिच्याच इच्छेनुसार, तिला बायरनशेजारी विसावा देण्यात आला.

तिची टिपणे शंभर वर्षे फारशी कोणी उघडली नाहीत. 1953 मध्ये, खरेखुरे संगणक चालू लागल्यावर, ती पुन्हा छापली गेली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या नव्या संगणकभाषेला एडा हे नाव दिले आणि 1980 मध्ये तिच्या मानक दस्तऐवजाला क्रमांक दिला 1815.