मुलांच्या हाती काय द्यावे? – संत जॉन बॉस्को



जादूगाराचे चित्र असलेले दप्तर मुलाला घ्यावे की नाही, मोबाईलवर कोणते कार्टून दाखवावे, असे प्रश्न घेऊन पालक येतात. 31 जानेवारी हा ज्यांचा सण, ते संत जॉन बॉस्को स्वतःच लहानपणी जादूचे प्रयोग करीत. म्हणून त्यांची ओळख करून घेऊ.

इटलीतील तुरीन शहराजवळच्या बेक्की या वाडीत 1815 साली त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे असताना वडील वारले. आई मार्गारेटने गरिबीत संसार ओढला. जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे आणि जादूगारांचे खेळ पाहून जॉन ते घरी शिकत. सणाच्या दिवशी झाडांना दोर बांधून त्यावर चालून दाखवीत. पैसे घेत नसत. मात्र आधी जपमाळेची प्रार्थना म्हणायची आणि चर्चमधले प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकायचे. प्रार्थनेला न थांबणाऱ्याला खेळ नाही!

पुढे किएरी येथे शिकताना त्यांची हातचलाखी पाहून काहींना ती सैतानाची करणी वाटली. तक्रार कॅनन बुर्झियो यांच्याकडे गेली. जॉनने चौकशी चालू असतानाच त्यांचे घड्याळ आणि पैशांची थैली गायब केली व मग युक्ती उलगडून दाखवली. कॅननसाहेबांना हसू आवरेना. त्यांनी रागावण्याआधी नीट पाहिले, हे मला विशेष वाटते. आपण पुष्कळदा नुसत्या चित्राला घाबरतो.

1835 साली झगा स्वीकारताना जॉनने हे सारे खेळ सोडण्याचा निश्चय केला. 1841 साली गुरुदीक्षा झाली. तुरीनमध्ये गवंडीकाम करणारी, तुरुंगातून सुटलेली, घरदार नसलेली मुले त्यांच्याभोवती जमू लागली आणि सोडलेली हातचलाखी पुन्हा बाहेर आली. खेळ तोच, पण आता तो कोणासाठी हे बदलले होते. सेमिनरीत आम्ही हेतू या विषयावर जाड पुस्तके वाचली. फादर बॉस्कोंनी ते अंगणात शिकवले.

पुस्तकांबाबत मात्र ते फार कडक होते. 1847 साली त्यांनी शाळकरी मुलांसाठी बायबलचा इतिहास लिहिला, तेव्हा त्या वयाला न पेलणारे वर्णन टाळले. 1869 पासून 1885 पर्यंत त्यांनी तरुणांसाठी 204 पुस्तकांची माला काढली. नामवंत लेखकांच्या ग्रंथांतील अयोग्य भाग त्यात गाळलेला असे. त्यांची कात्री कधी कधी जास्तच चालली, असे मला वाटते. पण वाईट पुस्तक काढून घेतल्यावर त्यांनी मुलाचे हात रिकामे ठेवले नाहीत. 1853 पासून स्वस्त मासिक पुस्तिका निघत होत्या, पुढे संस्थेत छापखाना आला, तिथे मुलेच खिळे जुळवायला शिकली. रंगमंच होता, वाद्यवृंद होता. नाटकांसाठी लेखी नियम होते : नाटक करमणूक करणारे हवे, सभ्य हवे आणि आटोपशीर हवे.

1884 साली, थकलेल्या अवस्थेतही, त्यांनी आपल्या शाळांना वाईट पुस्तकांविषयी पत्र पाठवले : प्रत्येक मुलाकडे कोणती पुस्तके आहेत याची यादी घ्या.

31 जानेवारी 1888 रोजी त्यांचे निधन झाले. 1934 साली ते संत घोषित झाले आणि 1946 साली पोप पायस बारावे यांनी त्यांना कॅथलिक प्रकाशकांचे आश्रयदाते नेमले.