लोहाराच्या मुलाचं कडं

मित्रहो, आपल्या लॅबमधल्या कॅपॅसिटरवर जे मायक्रोफॅरड छापलेलं असतं, त्या शब्दात एक माणूस बसला आहे. आपण दिवसातून दहा वेळा त्याचं नाव घेतो, जर्नलमध्ये लिहितो, वायवाला सांगतो आणि मेसमध्ये पोचेपर्यंत विसरतो. मायकेल फॅरडे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे त्याचा नियम पाठ झाला, मार्कही मिळाले, पण माणूस कधी भेटला नाही. तो भेटला थर्ड इयरला, आणि निमित्त झालं आमच्या पोशीरच्या घरातला एक एलईडी बल्ब.

पोशीर म्हणजे कर्जत तालुक्यातलं, नेरळहून कळंबला जाताना लागणारं आमचं गाव. आजोबांना संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागतात. बाजारातून स्वस्तातला एक बल्ब आणला आणि तो लावला की मीडियम वेव्हवर नुसती खरखर. बल्ब बंद केला की स्टेशन एकदम स्वच्छ. म्हणजे घरात एक तर उजेड, नाहीतर बातम्या. आजोबा रेडिओला दोष देत होते. मी बल्ब उघडून पाहिला. त्यावर पुढे येतेच, पण आधी फॅरडे.

त्याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स इथला. वडील लोहार, तब्येतीने खचलेले. घरात इतकी ओढाताण की एक पाव आठवडाभर पुरवावा लागे, असं सांगतात. शिक्षण म्हणजे लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब. चौदाव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बाइंडिंग शिकायला लागला. इतर मुलं पुस्तकं बांधायची, हा बांधता बांधता वाचायचा. विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने तिथेच वाचला.

१८१२ मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं मिळाली. त्याने नोट्स काढल्या, आकृत्या काढल्या, स्वतः बाइंडिंग केलं आणि ते पुस्तक डेव्हीला पाठवून दिलं. १८१३ च्या मार्चमध्ये तो तिथे मदतनीस म्हणून लागला. नीट ठेवलेल्या नोट्समुळे कुणाचं आयुष्य बदलू शकतं, याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही. (आपल्या झेरॉक्स नोट्सबद्दल न बोललेलं बरं!)

पुढचा रस्ता सरळ नव्हता. डेव्हीबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेला, तर डेव्हीच्या बायकोने त्याला नोकरासारखं वागवलं. १८२१ मध्ये विजेच्या तारेला चुंबकाभोवती फिरवून दाखवलं, म्हणजे मोटरचं बीज पेरलं, तर वोलस्टनची कल्पना उचलल्याचा ठपका आला. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद व्हायची वेळ आली तेव्हा खुद्द डेव्हीनेच विरोध केला. तरी तो निवडून आला, आणि डेव्हीबद्दलचा आदर त्याने सोडला नाही.

मग आला २९ ऑगस्ट १८३१ चा दिवस. मऊ लोखंडाचं, साधारण सहा इंच व्यासाचं एक कडं. त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि कापड. एका वेटोळ्यात बॅटरीची वीज सोडली, की दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेली सुई क्षणभर हलायची. वीज तोडली की पुन्हा हलायची, उलट दिशेला. नुसती वीज वाहत असताना मात्र सुई स्थिर. जे बदलतं तेच पलीकडे उमटतं, हे सगळ्याचं सार. आमच्या तालुक्यातल्या भिवपुरीला टाटांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या वीजघरातला जनित्रही याच तत्त्वावर फिरतो.

आणि आपल्या बल्बची खरखरही याच तत्त्वाची. एलईडीला थेट २३० व्होल्ट एसी चालत नाही. आतला ड्रायव्हर आधी डीसी करतो आणि मग ती वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. समजा हा वेग ६० किलोहर्ट्झ आहे. पण चालू-बंदच्या कडा तीव्र असल्याने ६० च्या पटीतल्या सगळ्या लहरी बरोबर येतात. नववी ५४० किलोहर्ट्झला, आणि मीडियम वेव्हचा पट्टा तिथेच सुरू होतो. घरभर पसरलेली वायर त्यांची अँटेना बनते. अशी खरखर खुद्द सर्किटमध्ये जन्मते. रेडिओ बिचारा निर्दोष.

यावर उपाय काय? तर तीन, आणि तिन्हीकडे फॅरडे उभा आहे.

पहिला, कडं. चांगल्या ड्रायव्हरच्या तोंडाशी फेराइटचं छोटं कडं असतं, त्यावर दोन वेटोळी. येणारी-जाणारी नेहमीची वीज दोघांत विरुद्ध दिशेने जाते, चुंबकत्व एकमेकांना खोडतं, अडथळा जवळजवळ शून्य. पण खरखर जेव्हा दोन्ही तारांतून एकाच दिशेने निघते, तेव्हा चुंबकत्व जोडलं जातं आणि वाट अडते. १८३१ चंच कडं, काम तेवढं वेगळं.

दुसरा, कॅपॅसिटर. वेगवान लहरींना जवळचा रस्ता देऊन तिथल्या तिथे परत पाठवणारा. दोन पट्ट्यांमधल्या पदार्थानुसार साठणारी वीज बदलते, हे फॅरडेने १८३७ मध्ये दाखवलं. एककाला त्याचं नाव उगाच नाही.

तिसरा, पिंजरा. १८३६ मध्ये त्याने बारा फुटी लाकडी सांगाडा तारा आणि धातूच्या पत्र्याने मढवला, त्यावर इतकी वीज चढवली की बाहेर ठिणग्या उडत होत्या, आणि स्वतः आत जाऊन बसला. आतल्या उपकरणांना काहीही कळलं नाही. तो प्रयोग स्थिर विजेचा; रेडिओ लहरींसाठी पत्र्यातली भोकं आणि फटी लहान ठेवाव्या लागतात. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी आकाशातले अतिशय क्षीण रेडिओ संदेश ऐकतात. तिथे साधी खरखरसुद्धा मोठा गोंगाट ठरते.

पण बल्बला नुसता पिंजरा पुरत नाही. उजेड बाहेर यायला हवा आणि वायर आत जायला हवी. खरखर त्या वायरीवरूनच पळते. म्हणून कडं आणि कॅपॅसिटर लागतातच. पोशीरच्या बल्बमध्ये या दोन्हींच्या जागा बोर्डवर छापलेल्या होत्या, पार्ट मात्र बसवलेच नव्हते. डिझाइन करणाऱ्याला सगळं माहीत होतं. कुणीतरी नंतर थोडे पैसे वाचवले. दिव्यांनी किती खरखर सोडावी याचं सिस्पर १५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण रिकामी जागा बाहेरून दिसत नाही.

फॅरडेने उजेडाचं कामही केलं. १८३६ पासून तो इंग्लंडच्या दीपगृहांचा सल्लागार होता. तिथे चुकीला माफी नव्हती. दिवा विझला तर जहाज खडकावर. म्हातारपणीही तो बर्फातून दीपगृह तपासायला जायचा. त्याआधी, १८३३ मध्ये, सिल्व्हर सल्फाइड तापवलं की वीज जास्त वाहते, हे धातूच्या अगदी उलट वागणं त्याने नोंदवलं होतं. अर्धवाहकाची ती सुरुवातीची नोंद, आणि एलईडी हा त्याच घराण्यातला.

गणित त्याला फारसं येत नव्हतं. बलरेषा त्याने डोळ्यांसमोर पाहिल्या. समीकरणं नंतर मॅक्सवेलने मांडली. सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही दोनदा नाकारलं. शेवटी स्मरणशक्तीने साथ सोडली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला. कबर हायगेटला, साधीशी.

मित्रहो, दोन-तीन वर्षांत आपल्यातले काही जण असेच बोर्ड डिझाइन करतील, आणि पार्ट कमी करा म्हणून कुणीतरी यादी पुढे सरकवेल. त्या यादीत जर ते छोटं कडं असेल, तर पेन उचलण्याआधी लोहाराच्या या मुलाला एकदा आठवा. ते कडं कुणाला दिसणार नाही. ते नसलं, तर कुठल्या तरी गावात कुणाला तरी ऐकू येईल.