स्वयंपाकघरातील लॉरेन्सबंधू

ध्यान, मनन व आत्मिक उन्नती ह्या गोष्टी ज्यांना पोटाची विवंचना नाही अशा लोकांसाठी आहेत, अशी समजूत आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत पुष्कळ ठिकाणी आढळते. पहाटे उठून गुरांचे पाहावे, दिवसभर शेतात राबावे, रात्री पिकास पाणी देण्याची पाळी आली तर तीही सांभाळावी. ह्यात डोळे मिटून बसण्यास अवकाश कोठला, असे आमचे शेतकरी बंधू विचारतात, आणि घरातील भगिनी काही न विचारता चुलीपुढे बसतात. उपदेशक बंधूंची अडचण याहून निराळी. ते मननासाठी वेळ काढतात, परंतु त्या वेळात मन जागेवर नसते. आणि ही गोष्ट कोणापाशी बोलण्याची त्यांना लाज वाटते. ह्या दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी आम्ही आज एका स्वयंपाक्याचे चरित्र सादर करीत आहोत.

ह्या गृहस्थाचे मूळ नाव निकोला हर्मन. इ. स. १६१४ च्या सुमारास लोरेन प्रांतातील एरिमेनिल नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. तो प्रांत आज फ्रान्स देशात मोडतो. आईबाप गरीब परंतु देवभीरू होते. विद्या म्हणावी तर त्याला फारशी लाभली नाही. त्या काळी युरोपात तीस वर्षांचे युद्ध म्हणून प्रसिद्ध असलेला रणसंग्राम चालू होता (इ. स. १६१८ ते १६४८), आणि लोरेनमधील खेडी दोन्ही बाजूंच्या सैन्यांच्या पायाखाली तुडवली जात होती. अशा दिवसांत गरीबाच्या तरुण मुलाला शिपाईगिरीवाचून दुसरा मार्ग क्वचितच असे. निकोलाही शिपाई झाला. एकदा जर्मन शिपायांनी त्याला हेर समजून पकडले व फाशी देण्याची धमकी दिली. परंतु त्याची निर्भय उत्तरे ऐकून त्यांनी त्याला सोडून दिले. पुढे स्वीडिश सैन्याशी झालेल्या चकमकीत तो जखमी झाला, आणि त्याची शिपाईगिरी संपली.

त्याच्या अंतःकरणातील पालट मात्र रणांगणावर झाला नाही, किंवा कोणाचा उपदेश ऐकूनही झाला नाही. तो अठरा वर्षांचा असताना हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड त्याच्या दृष्टीस पडले. थोड्याच दिवसांत ह्याच वाळक्या फांद्यांना पालवी फुटेल, मग फुले येतील व फळे धरतील, हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याबरोबर देवाच्या सामर्थ्याची व तरतुदीची अशी काही जाणीव त्याला झाली की ती जन्मभर पुसली गेली नाही. झाडे आपणही पाहतो. पानगळ झालेले पळस फाल्गुनात लाल होतात ते आम्ही दरवर्षी पाहत आलो आहो, आणि पाहून पुढे चालत गेलो आहो.

शिपाईगिरीनंतर त्याने काही काळ एकांतात राहून देवभक्ती करण्याचा प्रयत्न केला; पण मन स्थिर होईना. तेव्हा फ्यूबे नावाच्या एका खजिनदाराच्या घरी तो हुजऱ्या म्हणून राहिला. तेथे त्याच्या हातून भांडी फुटत, वस्तू मोडत. आपण मोठे अडाणी व धसमुसळे होतो असे तो स्वतःच पुढे सांगत असे. अखेर इ. स. १६४० मध्ये पॅरिस शहरातील कार्मेली संघाच्या मठात तो सेवेकरी बंधू म्हणून दाखल झाला. १६४२ मध्ये त्याने कायमचे व्रत घेतले. लॉरेन्स हे नाव त्याला तेथेच मिळाले, आणि आम्हीही येथून पुढे त्यांना लॉरेन्सबंधू असे म्हणू. मठात आपल्या वेंधळेपणाबद्दल चांगली शिक्षा होत राहील व तेणेकरून आपला अहंकार मोडेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

ती अपेक्षा खोटी ठरली, परंतु दुसरीच शिक्षा वाट्यास आली. मठाच्या नियमाप्रमाणे प्रतिदिनी ठरलेल्या तासांना ध्यानास बसावे लागे. लॉरेन्सबंधू बसत, पण सारा वेळ भलतेसलते विचार हाकून लावण्यात, व हाकून लावलेले विचार पुन्हा आत येताना पाहण्यात निघून जाई. त्यातच पूर्वीची पापे डोळ्यांपुढे उभी राहू लागली. आपला नाश होणार, अशी त्यांची खात्री झाली, आणि जगातील कोणीही मनुष्य त्यांची ही समजूत काढू शकला नसता. ही भीती त्यांना चार वर्षे छळीत होती, आणि मनाचा एकंदर क्लेश तर सुमारे दहा वर्षे टिकला. प्रिय वाचकहो, दहा वर्षे! आमच्यापैकी कोणाला दहा दिवस प्रार्थनेत गोडी वाटली नाही तर आपला विश्वासच गेला की काय अशी शंका येऊ लागते. आम्ही स्वतः अशा कोरड्या दिवसांत पवित्र शास्त्र उघडून ठेवून खिडकीबाहेर पाहत बसलो आहो, हे कबूल करण्यास आम्हास संकोच वाटू नये.

ह्यातून लॉरेन्सबंधूंनी काढलेला मार्ग असा होता. आपण देवाच्या प्रीतीस्तव येथे आलो. आपले तारण होवो वा नाश होवो, जिवंत आहो तोवर निदान प्रीतीने वागू, असा निश्चय त्यांनी केला. मोबदल्याची आशा त्यांनी सोडली. हे दुःख मरेपर्यंत असेच चालणार असे धरून त्यांनी मनाची तयारी केली, आणि त्याच सुमारास एके दिवशी अकस्मात अंतःकरण शांत झाल्याचे त्यांस आढळले. ख्रिस्ती तारणाची खात्री कोणत्या पायावर उभी असते हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे, आणि त्या बाबतीत त्यांचे विचार आमच्या मंडळीच्या शिक्षणाशी सर्वस्वी जुळतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु भीतीने देवाला धरून ठेवणे व प्रीतीने धरून ठेवणे ह्यांत अंतर आहे, आणि ते त्यांनी फार मोठी किंमत देऊन ओळखले.

त्यांच्याकडे काम आले ते स्वयंपाकघराचे. ह्या कामाचा त्यांना उपजत तिटकारा होता, ही गोष्ट विसरता कामा नये. पुष्कळ लोक समजतात की त्यांना चुलीची आवडच होती. मोठ्या मठाचे ते स्वयंपाकघर: धूर, उष्णता, भांड्यांचा खणखणाट, आणि एकाच वेळी चार जणांच्या चार मागण्या. तेथे त्यांनी सुमारे पंधरा वर्षे काढली. कामाला हात घालण्यापूर्वी ते थोडक्यात प्रार्थना करीत, की हे काम करणे भाग आहे, तर त्यात तुझ्या सान्निध्यात राहण्याची कृपा दे. काम चालू असता मधूनमधून मनातल्या मनात देवाशी दोन शब्द बोलत. काम आटोपल्यावर ते कसे झाले हे स्वतःस विचारीत. नीट झाले असल्यास उपकार मानीत. चुकले असल्यास क्षमा मागत, आणि मन खट्टू होऊ न देता पुन्हा सुरुवात करीत. तव्यावरील अंड्याची पोळी उलटणे असो, की जमिनीवर पडलेली गवताची काडी उचलणे असो, ते देवाच्या प्रीतीस्तव करावे, एवढाच त्यांचा योगाभ्यास होता.

मन भटकले असता काय करावे, ह्या प्रश्नावर त्यांचा अनुभव विशेष मोलाचा आहे. भटकलेल्या मनाला ते रागे भरत नसत. मनाला झोडपल्याने ते अधिकच बिथरते, म्हणून शांतपणे त्याला परत आणावे, पुन्हा गेले तर पुन्हा आणावे, असा त्यांचा क्रम होता. प्रार्थनेत धड शब्द सुचत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यास ते सुचवीत, की श्रीमंताच्या दाराशी बसलेल्या मुक्या व लुळ्या भिकाऱ्याप्रमाणे देवापुढे नुसते बसून राहावे. अपराध घडला की ते तो कबूल करीत, आणि तू मला माझ्यावर सोडलेस तर माझ्या हातून दुसरे काय होणार, असे देवास सांगून तो विषय तेथेच संपवीत. दिवसभर त्याच अपराधाचा काटा उकरीत बसणे त्यांना पसंत नव्हते.

एकदा मठासाठी द्राक्षारस खरेदी करण्यास त्यांना बर्गंडी प्रांतात पाठविण्यात आले. व्यवहाराचे ज्ञान नाही, पाय अधू. नावेत इकडून तिकडे जायचे तर पिंपांवरून अंग लोळवीतच जावे लागे. हे काम तुझे आहे, असे देवास सांगून ते निघाले, आणि खरेदी व्यवस्थित पार पडली. ती कशी पार पडली हे आपले आपणासही सांगता येत नाही, असे ते म्हणत.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हास अवश्य वाटते. सर्व कामच प्रार्थना आहे, मग वेगळी प्रार्थना कशास हवी, असा सोयीचा अर्थ काही लोक ह्या चरित्रातून काढतात. लॉरेन्सबंधूंनी ठरलेले प्रार्थनेचे तास कधी सोडले नाहीत. स्वयंपाकघरातील वेळ व प्रार्थनेचा वेळ ह्यांत त्यांना पुढे भेद वाटेनासा झाला हे खरे, परंतु तो भेद पुष्कळ वर्षांच्या सवयीने मावळला होता. आरंभी ही सवय लागण्यास नेट धरावा लागतो, हे त्यांनी कोणापासून लपविले नाही.

इ. स. १६६६ च्या ऑगस्ट महिन्याच्या ३ तारखेस योसेफ द बोफोर नावाचे एक धर्माधिकारी त्यांना प्रथम भेटले. हे गृहस्थ पुढे पॅरिसच्या आर्चबिशपांचे सहायक झाले. त्यांनी चार संभाषणांचे टिपण ठेवले, आणि लॉरेन्सबंधूंच्या मृत्यूनंतर त्यांची पत्रे व हे टिपण इ. स. १६९२ व १६९४ मध्ये छापून प्रसिद्ध केले. फेनेलॉ ह्या विद्वान आर्चबिशपांनी एका वादात ह्या स्वयंपाक्याचा आधार घेतला. त्या वादात फेनेलॉ ह्यांच्या मतांचा रोममध्ये निषेध झाला, आणि त्यामुळे फ्रान्समध्ये ह्या लहानशा पुस्तकाकडेही लोक संशयाने पाहू लागले. ते जिवंत ठेवले प्रॉटेस्टंट लोकांनी. पिएर प्वारे नावाच्या प्रॉटेस्टंट पाळकाने ते हॉलंडात राहून पुन्हा छापविले, आणि इंग्लंडात जॉन वेस्ली ह्यांनी आपल्या ख्रिस्ती ग्रंथमालेत त्याला जागा दिली. रोमन मठातील मनुष्याचे चरित्र आमच्या पत्रात कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी वेस्लींचा हा निर्णय लक्षात घ्यावा.

स्वयंपाकघराचे श्रम झेपेनासे झाल्यावर लॉरेन्सबंधूंना मठातील बंधूंच्या वहाणा शिवण्याचे काम देण्यात आले, आणि हे काम त्यांना आवडत असे. पाय दुखतच होता. पुढे त्याला व्रण पडला. पुष्कळ लोक त्यांच्याकडे सल्ल्यासाठी येत व पत्रे लिहीत. उत्तर देण्यास ते उत्सुक नसत, आणि आपले पत्र कोणास दाखवू नये अशी अट एकदा त्यांनी घातली होती. त्यांची जी पत्रे आज उपलब्ध आहेत त्यांतील शेवटचे ६ फेब्रुवारी १६९१ चे आहे. थोड्याच दिवसांत देवाचे दर्शन होईल अशी आशा त्यांनी त्यात व्यक्त केली आहे. त्यानंतर ते अंथरुणास खिळले. तुम्ही आता मनात काय करीत आहा, असे कोणी विचारले तेव्हा, अनंतकाळ जे करायचे आहे तेच, म्हणजे देवाचे स्तवन व त्याजवर प्रीती करीत आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. १२ फेब्रुवारी रोजी त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय सत्त्याहत्तरच्या आसपास होते.